भिंतीपलीकडचा भार

"अप्पा, गाडीला गिझरचं सॉकेट का चालत नाही? पिन तर बसते की."

ईश्वरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पिन बसत होती. उदगीरच्या त्या गल्लीत विजेच्या गाड्या आल्या तेव्हा निम्म्या घरांनी हेच केलं होतं. न्हाणीघरातून एक लांब वायर काढायची, खिडकीतून बाहेर सोडायची आणि गाडीला लावायची. काही घरांचं निभावलं, काहींच्या भिंती काळ्या झाल्या.

मन्मथअप्पा बिराजदारांचा सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. उत्तर माहीत असलं तरी ते लगेच देत नसत. त्यांनी नातीला न्हाणीघरात नेलं. ती नुकतीच आंघोळ करून आली होती. बटण बंद करून त्यांनी गिझरचा प्लग उपसला.

"हात लावून बघ."

"कोमट आहे!"

"किती वेळ चालू होता?"

"माझ्या आंघोळीपुरता."

"तेवढ्यात कोमट झाला. गाडी हीच वीज संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ओढत राहिली तर?"

ईश्वरीने प्लगवरचा हात काढून घेतला.

"तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापतेच," अप्पा म्हणाले. "त्याच तारेतून दुप्पट वीज नेली तर ती दुप्पट तापेल असं आपल्याला वाटतं. पण ती चौपट तापते. म्हणून आधी तार किती जाड आहे ते बघायचं, तिचे सांधे कसे आहेत ते बघायचं, आणि मग सॉकेट निवडायचं. पिन बसते का, हा सगळ्यात शेवटचा प्रश्न."

या घरात सॉकेटचा प्रश्न आता निकडीचा झाला होता. अप्पांची सून महानंदा जनावरांची डॉक्टर होती. गावोगाव फिरून गुराढोरांवर उपचार करणारी विजेवरची दवाखाना-गाडी तिला मिळणार होती. गाडीत लशींचा फ्रीज होता, तो उभ्या गाडीतही चालू ठेवावा लागे. नोकरीची अट एकच होती. रोज पहाटे गाडी पूर्ण भरून निघाली पाहिजे. ज्यांच्या घरी तशी सोय नसेल त्यांनी लातूरला, गाडीतळाशेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचं. अप्पांचा मुलगा शिवकुमार गुजरातेत बॅटरीच्या कारखान्यात होता, तो सणालाच यायचा. अप्पांची पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. महानंदा लातूरला गेली तर ईश्वरी तिच्याबरोबर जाणार, आणि या घरात अप्पा एकटे राहणार. यावर घरात कुणी काही बोललं नव्हतं. पण सगळ्यांना ते ठाऊक होतं.

सॉकेट बसवायला रेहाना आली. ती अप्पांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःची एजन्सी चालवत होती.

"सर, दोन पर्याय आहेत," तिने डिकीतून दोन खोकी काढली. "हे सोळा अँपिअरचं, जाड पिनांचं. स्कूटर किंवा छोट्या गाडीला उत्तम. रात्रभरात पुष्कळ चार्ज होतं. पण मॅडमची गाडी मोठी, वर तो फ्रीज. सकाळपर्यंत भरायची नाही. दुसरं हे बत्तीस अँपिअरचं, भिंतीवर बसणारा डबा. हे भरेल. फक्त तार तशी पाहिजे."

"तार आहे," अप्पा म्हणाले. "वडिलांनी मागच्या अंगणात मिरची कांडपाची गिरणी टाकली होती. मीटरपासून तिथपर्यंत जाड तांब्याची वायर आहे."

"मग काम सोपं आहे. पण आतली खात्री हे सॉकेटच करणार. आता नियमच तसा आहे."

घरोघरच्या आगींनंतर सरकारने सक्ती केली होती. गाडीसाठी कोणतंही सॉकेट घ्या, ते भिंतीतली तार ऐकणारं असलं पाहिजे. ते कसं ऐकतं, हे ईश्वरीला कळावं म्हणून अप्पांनी अंगणातली कपडे वाळवायची दोरी सोडली. एक टोक खांबाला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं आणि झटका द्यायला सांगितलं. दोरीवरून एक लाट पळत गेली आणि खांबाला लागून परत आली. मग त्यांनी दोरीच्या मधोमध दुसऱ्या दोरीचा तुकडा बांधला.

"आता दे झटका."

या वेळी लाट गाठीपाशी दुभंगली. थोडी पुढे गेली, थोडी तिथूनच मागे आली.

"सॉकेट तारेत असाच बारीकसा झटका सोडतं. तो किती वेळाने परत आला त्यावरून गाठ कुठे आहे ते त्याला कळतं. भिंत न फोडता."

रेहानाने डबा बसवून चालू केला. हिरवा दिवा लागायला हवा होता. पिवळा लागला, म्हणजे अजून गाडीला वीज मिळणार नव्हती.

"सर, मध्ये गाठ आहे," तिने पडद्यावर बघत सांगितलं. "मीटर आणि अंगण यांच्या बरोबर मध्ये. एक बारीक फांदी फुटलीय. आणि ती..." ती घरात गेली, माप धरून चालत आली आणि बैठकीच्या भिंतीपाशी थांबली. "या भिंतीतून पलीकडं जाते."

भिंतीपलीकडे वैजनाथ राहत होता, अप्पांचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा एका घराची दोन घरं झाली होती. भांडी, कपाटं, अंगण, सगळं सरळ अर्धं केलं. वैजनाथने नवं मीटर घेतलं. त्या वेळी आई आजारी होती आणि तिची खोली वैजनाथच्या वाट्याला गेली होती. वायरमन आला तो कडक उन्हाळ्यात. दोघा भावांनी एकाच तोंडाने त्याला बजावलं होतं, आईचा पंखा एक मिनिटही बंद करायचा नाही. वायरमनने त्या खोलीतल्या पंख्याची आणि सॉकेटची ती एक तार तशीच ठेवली. सगळं वेगळं झालं, आईचा पंखा तेवढा थोरल्याच्या मीटरवर फिरत राहिला. पुढे आई गेली. तार कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

आई गेल्याचं अप्पांना दूधवाल्याने सांगितलं होतं. मध्ये एक भिंत, आणि भावाने दार वाजवलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"फांदी तोडली की दिवा हिरवा होईल," रेहाना म्हणाली. "पलीकडं काही बंद पडलं तर ते त्यांचा वायरमन बोलावतील. तोडू का?"

"सांगून तोडायला पाहिजे," अप्पा म्हणाले. पण सांगायला कोण जाणार, हे ते बोलले नाहीत.

"तसंही सॉकेटला आधी आठवडाभर ऐकू द्यावं लागतं. पुढच्या रविवारी येते मी. तेव्हा ठरवा."

पहिल्याच दिवशी ईश्वरीला एक नवा खेळ सापडला. सॉकेटच्या पडद्यावर नुसते आकडे नव्हते. त्या तारेवर जे जे चालू होई त्याची एक रेघ उमटे. प्रत्येक यंत्राची वीज घेण्याची तऱ्हा वेगळी असते. फ्रीज सुरू होताना एकदम मोठा घोट घेतो आणि मग संथ पीत राहतो. पंख्याचं सगळंच एका लयीत. मिक्सर भांडखोर. सॉकेट या तऱ्हा ओळखून रेघेखाली नाव लिहायचं.

"अप्पा, शिलाई मशीन! कला आजी शिवतेय."

कलावती ही वैजनाथची बायको. ईश्वरीला ती गल्लीत येता-जाता दिसायची तेवढीच.

"दुसऱ्याच्या घरात असं डोकावू नये," अप्पा म्हणाले.

"मी कुठं डोकावतेय? सॉकेट सांगतंय."

 संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायची त्यांची खुर्ची मागच्या अंगणाकडे सरकली. पंखा केव्हा लागला, शिलाई केव्हा थांबली, ते बघू लागले. इतकी वर्षं भिंतीपलीकडे नुसती शांतता होती. आता तिथे माणसं राहत असल्याचं कळत होतं. तिकडे कुकरऐवजी विजेची शेगडी आली होती. वैजू दुपारी पंखा लावून झोपत होता, म्हणजे दुकानात जाणं सोडलं असावं. यातलं काही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी एक नवीन रेघ आली. ती थांबतच नव्हती. काही क्षण चढायची, मग एक बारीक खटका, मग पुन्हा चढायची. खाली सॉकेटने लिहिलं होतं: अनोळखी.

"हे काय आहे?" ईश्वरीने विचारलं. "श्वास घेतल्यासारखं दिसतंय."

अप्पा रेघेकडे बघत राहिले. हवेत ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन कितीतरी जास्त असतो. एका नळकांड्यात असे दाणे भरलेले असतात की दाबाने हवा सोडली तर ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. थोड्या वेळात दाणे भरून जातात. मग झडप फिरते, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते आणि पहिलं मोकळं होतं. दोन्ही असं आळीपाळीने काम करतात, रात्रंदिवस. झडप फिरते तो खटका. अप्पांनी हे यंत्र दवाखान्यात पाहिलं होतं, पत्नीच्या उशाशी.

"सांगतो नंतर," ते म्हणाले.

नातीने विचारलं आणि अप्पा "नंतर" म्हणाले, असं त्या घरात कधी होत नसे. ईश्वरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

कुणीतरी सांगेल, असं अप्पांना वाटत होतं. एवढं मोठं आजारपण आहे, कलावती निरोप पाठवेल. मंगळवारी त्यांनी बैठकीचं दार उघडं ठेवलं. बुधवारीही ठेवलं. कुणी आलं नाही. रेघ मात्र चढत होती, खटकत होती. ती चालू दिसली की अप्पांना बरं वाटे आणि त्या बरं वाटण्याचा रागही येई.

शनिवारी संध्याकाळी महानंदा गाडीची कागदपत्रं घेऊन आली आणि सहज पडद्यासमोर थांबली.

"अप्पा, हे ऑक्सिजनचं यंत्र आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून चालू आहे?"

"सोमवारपासून."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

 महानंदाने पर्स खुंटीला अडकवली.

"मग ती तार तोडायची नाही," ती म्हणाली. "आपल्याकडं दुसऱ्या तारेवर सोळाचं सॉकेट बसवू, सुट्टीत गाडी आणली तर तेवढं पुरेल. मी लातूरला क्वार्टरसाठी नाव देते."

"अगं, पण..."

"तुम्ही त्यांच्याशी बोलणार आहात का?"

ती रागाने म्हणाली नव्हती. खरोखर विचारत होती. अप्पा पडद्याकडे वळले, तशी ती स्वयंपाकघरात गेली. दारात ईश्वरी उभी होती.

"मी गेल्यावर तुम्ही कुणाला शिकवणार, अप्पा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी धुतलेला सदरा घातला, गल्लीतून चार पावलं चालले आणि भावाचं दार वाजवलं.

कलावतीने उघडलं. तिच्या खांद्यावर शिवणाची टेप होती. ती आणि वैजनाथ थोरल्याला अण्णा म्हणत.

"अण्णा, तुम्ही?"

"वैजू आहे का?"

"कुठं जाताहेत ते आता," ती बाजूला झाली.

वैजनाथ आईच्या खोलीत, आईच्याच खाटेवर बसला होता. नाकाखाली नळी, गालफडं बसलेली. कोपऱ्यात यंत्र खटकत होतं. त्याने थोरल्या भावाकडे नीट बघून घेतलं.

"बस. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग वासावरून आलास?"

अप्पांनी सांगायला सुरुवात केली. सॉकेट, तार, गाठ, आईचा पंखा. वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं. पंख्यापर्यंत आले तेव्हा वैजनाथ हसायलाच लागला. हसता हसता त्याला धाप लागली.

"म्हणजे एवढी वर्षं मी तुझं तोंड बघत नाही, आणि तुझ्याच विजेवर वारा खातोय? कला, ऐकलंस का?"

"ऐकलं. हळू हसा."

"आणि हे यंत्रपण?"

"हो."

"यंत्र सोमवारी आलं. तुला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सोमवारीच," अप्पा म्हणाले.

वैजनाथचं हसू गेलं. "आज रविवार."

"हो."

"आठवडाभर तू माझा श्वास भिंतीपलीकडून मोजत बसलास, आणि आज आलास?" त्याला मध्ये थांबावं लागलं. "आई गेली तेव्हा मी दार वाजवलं नाही, हे तू गावभर सांगितलंस. अण्णा, त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी आईचा हात धरून बसलो होतो, दूध घ्यायलासुद्धा कला गेली. माझं तसं झालं होतं. तुझं काय अडलं होतं?"

 आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं, येत नसेल तर येत नाही म्हणा.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले.

"तोड ती तार. आत्ताच्या आत्ता. तुझ्या विजेवर श्वास नको मला." वैजनाथ प्लगच्या दिशेने वाकला.

"हात लावून तर बघा," कलावती म्हणाली. "काय भांडायचं ते नळी नाकात ठेवून भांडा. बाकी खोल्यांत लावलं की हे यंत्र बोंबलतं, म्हणून इथं लावलंय. अण्णा, इतर सॉकेटांत जोरच नाही. दुपारी तर दिवे पिवळे पडतात."

"तार तोडायचीच आहे, वैजू," अप्पा म्हणाले. "पण आधी तुझ्या मीटरवरून तुझ्या यंत्राला चांगली तार यायला पाहिजे, मग. बाहेर रेहाना आलीय. तिला आत आणायची परवानगी दे."

"उपकार करायला आलास?"

"नाही. अडचण माझी आहे. तार तुटली नाही तर मोठं सॉकेट चालू होत नाही, सुनेची गाडी भरत नाही. ती नातीला घेऊन लातूरला जाईल. मी एकटा पडेन."

यंत्राची झडप दोनतीनदा फिरली.

"हे आधी सांगायचं सोडून दोरीच्या गाठी सांगत बसला," वैजनाथ बायकोला म्हणाला. "बोलाव त्या पोरीला."

रेहानाने त्यांचं मीटर उघडलं, दोन खोल्यांतली सॉकेटं तपासली आणि मागच्या बाजूला जाऊन आली. मीटरमधले स्क्रू सैल होऊन काळे पडले होते, जोर तिथेच मरत होता. शिवाय जमिनीत वीज उतरवणारा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. त्यात वर्षानुवर्षं कुणी पाणी घातलं नव्हतं.

"जमीन ओली असेल तर चुकीची वीज त्यातून निमूट खाली जाते," अप्पांनी मागोमाग आलेल्या ईश्वरीला सांगितलं. "कोरडी असेल तर ती माणसाचा रस्ता शोधते. आण बादली."

ईश्वरीने बादल्या ओतल्या. मग ती धीटपणे खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"तुमच्या यंत्रात दोन नळकांडी आहेत. एक दमलं की दुसरं काम करतं."

वैजनाथने डोळे मिटले. "हिलापण नादी लावलंस तू, अण्णा."

नवी तार ओढायला दुपार झाली. यंत्र हलवायच्या वेळी महानंदाने यंत्राबरोबर आलेलं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर लावून दिलं आणि ती वैजनाथच्या मनगटावर बोटं ठेवून बसली. "गुरांची डॉक्टर आहेस ना तू?" त्याने विचारलं. "हो काका, पण तुम्हाला चालेल," ती म्हणाली. यंत्र नव्या जागी खटकू लागलं. बोंबललं नाही. मग रेहानाने भिंतीत एक वीतभर खाच पाडली, जुना सांधा उघडा केला आणि आईच्या पंख्याची तार कापली.

मागच्या अंगणात दिवा हिरवा झाला. ईश्वरीने टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी दवाखाना-गाडी पहिल्यांदा घरी उभी राहिली आणि बत्तीस अँपिअरची जाड, पाइपासारखी केबल तिला लागली.

अप्पा सवयीने खुर्चीवर येऊन बसले. पडद्यावर एकच रेघ होती, गाडीची. जाड, सरळ, समाधानी. पंखा नाही, शिलाई नाही, खटका नाही. सॉकेटच्या मते भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खुर्ची उचलून पुन्हा बैठकीत नेऊन ठेवली.

सकाळी महानंदाची गाडी पूर्ण भरून देवणीकडे निघाली. ईश्वरी शाळेची वेणी घालत होती. अप्पांनी चहाचा कप तसाच ठेवला. रात्र कशी गेली असेल, काही कळायला मार्ग नव्हता. ते गल्लीत उतरले आणि त्यांनी भावाचं दार वाजवलं.

आतून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, जरा जोरात.

"हजर, गुरुजी!" आतून धाप लागलेला आवाज आला. "हजेरी झाली असेल तर आत ये. दारात काय उभा राहिलास?"